पुरातून निघालेली ऑटोमॅटिक गाडी: चावी फिरवण्याआधी गिअरबॉक्सचं तेल कसं बघायचं?

पावसाळ्यात नृसिंहवाडी बातम्यांमध्ये येते ती दोन कारणांनी. पहिलं आनंदाचं. कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी चढत जातं, दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करायला भाविकांची रीघ लागते. दुसरं कारण म्हणजे पाणी तिथं थांबत नाही. ते आणखी चढतं, उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते, आणि मग गावातली दुकानं, घरं, जनावरं आणि गाड्या हलवायची वेळ येते.

२००५, २०१९ आणि २०२१. शिरोळ तालुक्यात ही तीन वर्षं कुणाला वेगळी सांगावी लागत नाहीत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं.

या पुरांमध्ये बुडालेल्या बहुतेक गाड्या साध्या गिअरच्या होत्या. बुडालेली मॅन्युअल गाडी कशी उघडायची, हे आपल्याकडच्या मेकॅनिक मंडळींना आता तोंडपाठ आहे. पण गेल्या दहा वर्षांत ऑटोमॅटिक गाड्या झपाट्यानं वाढल्यात. वाडीला दर्शनाला येणाऱ्या गाड्यांच्या पार्किंगमध्ये नुसती नजर टाकली तरी दोन पेडलच्या गाड्या सहज दिसतील. आणि ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं की गणित बदलतं. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा तेल बदलून काम भागतं, ऑटोमॅटिकमध्ये अख्खा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येऊ शकते.

त्यात एक मोठी गोम आहे. ऑटोमॅटिकचं तेल तपासायची जी पद्धत बहुतेक व्हिडिओंमध्ये दाखवतात, तिची सुरुवातच 'इंजिन चालू करा' इथून होते. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी नेमकी तीच गोष्ट घातक आहे. म्हणून या लेखात दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या सांगितल्यात. आधी रोजची, मग पुरानंतरची.

आधी हे ठरवा: तुमची 'ऑटोमॅटिक' नेमकी कुठली?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, इतकंच आपण धरून चालतो. पण बॉनेटखाली चार अगदी वेगळी यंत्रं असू शकतात.

सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी ती एएमटी. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओमध्ये ती पहिल्यांदा आणली, मग वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, पंच अशी रांग लागली. मारुती तिला 'ऑटो गिअर शिफ्ट' म्हणते. खरं सांगायचं तर हा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते, एवढाच फरक. आत साधं गिअर ऑइल असतं. ज्या गाड्यांत ही यंत्रणा द्रवाच्या दाबावर चालते, तिथं तिच्यासाठी वेगळी छोटी टाकी असते.

दुसरी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे जुन्या अर्थानं खरी ऑटोमॅटिक. अर्टिगा, एक्सयूव्ही७००, डिझेल क्रेटा या गाड्यांत ती असते, इनोव्हा क्रिस्टातही ती पूर्वी मिळायची. तिसरी सीव्हीटी, होंडा सिटी आणि अमेझमधली. हिच्यात ठरावीक गिअर नसतात, दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा धातूचा पट्टा असतो. चौथी ड्युअल क्लचवाली. फोक्सवॅगन-स्कोडा तिला डीएसजी म्हणतात, ह्युंदाई-किआ डीसीटी.

गाडीच्या नावावरून ओळखायला जाऊ नका, वर्ष बघा. ब्रेझाचंच उदाहरण घ्या. २०१८ मध्ये डिझेल ब्रेझात एएमटी आली, २०२० मध्ये पेट्रोल ब्रेझात चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टर आली आणि २०२२ च्या नव्या ब्रेझात सहा गिअरची. बलेनोत आधी सीव्हीटी होती, २०२२ पासून एएमटी आहे. नाव तेच, आतलं तेल मात्र पूर्ण वेगळं. सर्व्हिस बुक किंवा ओनर्स मॅन्युअल उघडलं की दोन मिनिटांत कळतं. मॅन्युअल हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ते फुकट मिळतं.

इथून पुढे 'एटीएफ' म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, अर्थात टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं तेल. जिथं बाकीच्या प्रकारांसाठी वेगळं काही आहे तिथं तसं सांगेन.

या तेलाचं एवढं काय?

इंजिन ऑइल घर्षण कमी करतं. एटीएफला तेही करावं लागतं आणि त्याच्या उलटही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती या तेलातून. समोरासमोर दोन पंखे ठेवले, एक सुरू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागतो. तसंच, फक्त हवेच्या जागी तेल. मग त्याच तेलाच्या दाबावर आतले क्लच आवळले जातात आणि गिअर पडतो. क्लचच्या चकत्या एकमेकींना धरतात तेव्हा तेलानं त्यांना घसरू द्यायचं नसतं, पण धरतानाचा झटकाही बसू द्यायचा नसतो. वर सगळी उष्णता उचलून कूलरपर्यंत न्यायची. एका तेलाकडून इतकी कामं गाडीत दुसरीकडे कुठं करून घेतली जात नाहीत.

घर्षणाचा हा तोल साधण्यासाठी अमेरिकेत एकेकाळी एटीएफमध्ये चक्क व्हेल माशाचं तेल घालत. जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली ऑटोमॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली. त्यानंतरची काही दशकं स्पर्म व्हेलचं तेल या मिश्रणात असायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या व्हेलना संरक्षण मिळालं आणि तेल कंपन्यांना पर्याय शोधावे लागले. आज बाटलीत जे मिळतं ते पूर्णपणे प्रयोगशाळेतलं रसायनशास्त्र आहे, आणि म्हणूनच प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे.

लाल रंगाचं कारण मात्र अगदी साधं. तो वरून घातलेला रंग आहे. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे चटकन कळावं म्हणून. सगळीच तेलं लाल नसतात, सीव्हीटीची काही तेलं हिरवी किंवा निळसर असतात. तेव्हा 'लाल नाही म्हणजे खराब' असा निष्कर्ष काढू नका.

रोजची तपासणी: गाडी धडधाकट असताना

बॉनेट उघडल्यावर इंजिन ऑइलच्या पट्टीशिवाय दुसरी एखादी पट्टी दिसते का बघा. जुन्या चार गिअरच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये ती असते आणि तिच्या मुठीवर तसं लिहिलेलंही असतं. दिसली तर तुम्ही नशीबवान.

गाडी सपाट जागी लावा. वाडीच्या घाटाकडे उतरणारा रस्ता या कामाचा नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आलेली असेल तर उत्तम, कारण तेल गरम झालं की फुगतं आणि पट्टीवरची 'हॉट' खूण त्या फुगलेल्या तेलासाठी असते. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा आणि इंजिन चालू ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवा. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा, मग परत 'पी'वर आणा. यामुळे आतल्या सगळ्या वाटांमध्ये तेल भरतं. आता इंजिन चालूच ठेवून पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि वाचा. ओढणी, सैल बाही, लांब केस पंख्यापासून दूर ठेवा.

पुसायला गॅरेजमधलं धागे सुटणारं कॉटन वेस्ट वापरू नका. गिअरबॉक्सच्या आतले झडपांचे मार्ग इतके बारीक असतात की एखादा तंतूही अडचण करू शकतो. धागे न सुटणारं स्वच्छ फडकं किंवा चांगला टिश्यू पेपर चालेल.

या पद्धतीला अपवाद आहेत. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन गरम करून, बंद करून, मग मिनिट-दीड मिनिटाच्या आत पट्टी वाचायची असते. म्हणून तुमच्या मॅन्युअलमधलं वाक्य हे शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा आणि या लेखापेक्षाही मोठं.

पातळी कमी आली तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. 'डी' टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघते, चढावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, ही त्याची लक्षणं. पातळी खुणेच्या वर गेली तरी त्रास होतो, फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो आणि फेसात दाब टिकत नाही. 'थोडं जास्त असलं तर काय बिघडतं' हे तत्त्व पुरणपोळीवरच्या तुपापुरतंच ठेवा. शिवाय एटीएफ जळून कमी होत नाही. पातळी घटली आहे याचा अर्थ कुठूनतरी गळतंय. नुसतं वरून तेल घालून विषय मिटत नाही.

आता रंग. पट्टीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा आणि उजेडात बघा. कोकम सरबतासारखा आरपार लाल असेल तर छान. विटकरी किंवा तपकिरी म्हणजे तेल जुनं झालंय, बदलायची वेळ जवळ आली. काळपट आणि नाकाला करपल्याचा वास येत असेल तर आतले क्लच जळू लागलेत. आणि तेल गुलाबी, दुधाळ, अगदी सोलकढीसारखं दिसत असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय.

सोलकढी दिसायला पूर यावाच लागतो असं नाही. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आतून गंजली किंवा तडकली की कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात. अशा वेळी कूलंटच्या डब्यातही तेलाचा तवंग दिसतो, म्हणून दोन्हीकडे बघा.

पट्टीच नसेल तर?

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये नसते. कंपनी म्हणते गिअरबॉक्स 'सील्ड' आहे. त्याची पातळी खालून तपासतात. गाडी रॅम्पवर अगदी समतल उचलायची, स्कॅनर लावून तेलाचं तापमान बघायचं आणि ते ठरावीक टप्प्यात असताना तपासणीचा बोल्ट उघडायचा. काही गिअरबॉक्समध्ये हा टप्पा ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तेल बारीक धारेनं येऊन थेंब थेंब झालं की पातळी बरोबर. हे घरी जॅक लावून करायचं काम नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जाऊ नका.

'लाइफटाइम ऑइल' हा शब्द ऐकून मात्र निर्धास्त होऊ नका. कुणाचं लाइफटाइम, हा प्रश्न विचारायला हवा. झेडएफ ही जगातल्या मोठ्या गिअरबॉक्स कंपन्यांपैकी एक. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत तिचे गिअरबॉक्स असतात. ती स्वतः आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. जवळपास प्रत्येक मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक दिलेलं असतं. धूळ, ऊन, घाट, रांगत चालणारी रहदारी असलं की कठीण वापर. आता पौर्णिमेला वाडीच्या रस्त्यावर तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी कुठल्या रकान्यात बसते ते तुम्हीच ठरवा.

पुरानंतरची तपासणी: इथं सगळं उलटं

गिअरबॉक्स बंद डबा आहे, मग पाणी आत जातं कुठून? तर तो पूर्ण बंद नसतो. चालताना आतलं तेल ८०-९० अंशांपर्यंत तापतं, हवा फुगते, ती बाहेर पडायला वर एक छोटं श्वासछिद्र ठेवलेलं असतं, ब्रीदर. गाडी बराच वेळ पाण्यात बुडून राहिली तर पाणी तिथून आणि पट्टीच्या नळीतून आत शिरतं.

पण त्याहून फसवा प्रकार म्हणजे चालत्या गाडीचा. कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटर चालवून तापलेली गाडी तुम्ही रस्त्यावर आलेल्या पाण्यात घालता. गरम गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि छिद्रातून बाहेरचं ओढून घेते. त्या क्षणी ते छिद्र पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. गाडी बंद पडत नाही, तुम्ही पलीकडे निघता आणि 'निघालो बाबा एकदाचे' म्हणून विसरून जाता. दोन आठवड्यांनी गिअर झटके देऊ लागतात तेव्हा त्या पाण्याची आठवणही राहिलेली नसते.

आत गेलेलं पाणी काय करतं? क्लचच्या चकत्यांवर जे अस्तर असतं ते कागदासारख्या तंतूंचं असतं आणि पोलादावर चिकटवलेलं असतं. पाणी ते अस्तर फुगवतं आणि चिकटा सोडवतं. बेअरिंग आणि झडपांना गंज लागतो. तेलाचा फेस होऊन दाब पडतो. यातलं अस्तर सुटणं सगळ्यात वाईट, कारण त्याचे तुकडे मग सगळीकडे फिरतात.

आता कळीचा मुद्दा. पाणी तेलापेक्षा जड असतं. बंद उभ्या गाडीत ते तळाशी जाऊन बसतं आणि वर स्वच्छ लाल तेल तरंगतं. सोलकढी तयार होते ती इंजिन चालू झाल्यावर, पंपानं दोन्ही घुसळल्यावर. म्हणजे बुडालेल्या, अजून चालू न केलेल्या गाडीची पट्टी काढून बघितली आणि ती लालबुंद दिसली, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि गुलाबी तेल दिसलं तर पाणी गिअरबॉक्सभर फिरून आलेलं आहे.

पट्टीवरची पातळीही इथं कामाची नाही. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं आणि धडधाकट गाडीतही पातळी वर दिसते. तरीही पट्टी असेल तर काढून बघा, पण दुसऱ्या गोष्टींसाठी: टोकाला पाण्याचे मणी, पट्टीवर गाळ किंवा गंजाचा ठिपका. यातलं काहीही दिसलं तर पुढचा विचार करायचीच गरज नाही.

खरं उत्तर तळाच्या ड्रेन बोल्टपाशी मिळतं. गाडी निदान काही तास हलवली नसेल तर पाणी तळाशी जमलेलं असतं. मेकॅनिकला बोल्ट सावकाश सैल करायला सांगा आणि पहिला कपभर द्रव पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत धरा. आधी पाणी आलं आणि मागून लाल तेल आलं, तर प्रश्न मिटला. शंका असेल तर बाटली तासभर स्थिर ठेवा, थर वेगळे दिसतील. तेलाचे दोन थेंब तापवलेल्या पत्र्यावर टाकून बघायची जुनी युक्तीही आहे. पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं, नसेल तर नुसता धूर येतो. ही युक्ती गॅरेजमध्ये, उघड्यावर आणि मेकॅनिकच्या हातून. घरातल्या गॅसवर नको.

बोल्टच्या टोकाला किंवा तळाच्या झाकणात लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप असणं नेहमीचं आहे. कण किंवा चिपा बोटाला टोचल्या तर आधीच झीज झालेली आहे, पुराचा तिच्याशी संबंध नाही.

चालू करण्याआधीच पाणी सापडलं तर गिअरबॉक्स वाचायची चांगली शक्यता असते. तळाचं झाकण उघडून, फिल्टर बदलून, नवं तेल भरतात, थोडं फिरवून ते काढतात आणि पुन्हा भरतात. एकदा बदलून भागत नाही, कारण ड्रेन बोल्टमधून साधारण निम्मं किंवा त्याहून कमीच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये असतं. पाण्यासकट गाडी चालवली गेली असेल तर मात्र गिअरबॉक्स खोलून चकत्या बघण्याचा सल्ला मिळेल, आणि तो ऐकावा. एटीएफ महाग असतं हे खरं, पण नव्या गिअरबॉक्सच्या कोटेशनपुढे तीन वेळा भरलेलं तेल किरकोळ वाटतं.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. सीव्हीटीला हेच सगळं लागू आहे, उलट पट्टा आणि पुल्यांची पकड तेलावरच अवलंबून असल्यानं तिथं आणखी घाई करा. एएमटीचं गिअर ऑइल साध्या गाडीसारखं बदलता येतं, पण गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचे कनेक्टर आणि कंट्रोल युनिट वाळवून तपासावे लागतात. ड्युअल क्लचमध्ये कोरडे आणि ओले असे दोन उपप्रकार आहेत, काहींमध्ये दोन वेगळी तेलं असतात, तेव्हा ते काम जाणकारानंच करावं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी बुडाली असेल तर बॉनेटखाली हातच घालू नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. तिथं तेलाआधी उच्च दाबाच्या विजेचा प्रश्न आहे.

तोपर्यंत गाडी न्यायची कशी?

चावी फिरवायची नाही, 'जरा बघू तरी' म्हणून इग्निशनही नाही. बॅटरीची उणे तार काढून ठेवा. पाणी कुठवर आलं होतं त्या रेघेसकट फोटो काढा, दाराच्या पॅडवरची गाळाची रेघ धुऊन टाकण्याआधी. मग विमा कंपनीला कळवा.

ऑटोमॅटिक गाडी दोरानं ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, तेही तेलाच्या दाबाशिवाय. ट्रॅक्टरला साखळी बांधून शिरोळ किंवा जयसिंगपूरपर्यंत ओढली की पुरातून वाचलेला गिअरबॉक्स रस्त्यात संपतो. चारही चाकं वर असलेलं, सपाट पाटाचं टोइंग मागवा. ते पोचण्यासारखं नसेल तर निदान इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते ती उचललेली हवीत.

विम्याबद्दल एकच गोष्ट आधी बघा: पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. ओन डॅमेज असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. पण पाण्यात उभी गाडी चालू केल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान कंपन्या बहुधा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जोडसंरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि त्यात गिअरबॉक्स धरलाय की नाही हे पॉलिसीच्या कागदावरच वाचावं लागतं. वाचायची वेळ मे महिन्यात, जुलैमध्ये नाही.

तेल भरताना आणि जुनी गाडी घेताना

टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, होंडाच्या सीव्हीटीचं एचसीएफ-२. ही नावं नुसती जाहिरातीची नाहीत. प्रत्येकाचं घर्षणाचं गणित वेगळं आहे. 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं लिहिलेली बाटली स्वस्त मिळाली तरी मॅन्युअलमधलं नाव तिच्या मागे छापलंय का ते बघा. आणि सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ कधीही नाही, पट्टा घसरतो आणि पुल्यांवर ओरखडे येतात.

मोठ्या पुरानंतर काही महिन्यांनी धुऊनपुसून, नवं सीट कव्हर घातलेल्या गाड्या जुन्या बाजारात येतात, आणि त्या ज्या गावात बुडाल्या तिथं विकल्या जातीलच असं नाही. पुण्या-मुंबईत घेणाऱ्यालाही हे लागू आहे. ऑटोमॅटिक घेत असाल तर गॅरेजात रॅम्पवर चढवून ड्रेन बोल्टमधून थोडं तेल काढून दाखवायला सांगा. विकणारा नकार देत असेल तर तेही उत्तरच आहे. पण तेल नवंकोरं लालभडक निघालं तरी लगेच खूश होऊ नका. कमी चाललेल्या गाडीत ते नुकतंच का बदललं, असा प्रश्न विचारा आणि बिल मागा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभरात गाळाचा डाग आहे का बघा. तिथं सहसा कुणी धूत नाही.

काढलेलं जुनं तेल गटारात किंवा नदीकाठी ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून ते जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे जातं.